मेलं कोणीच नव्हतं

कोणी बोलावलं नाही तरी भाषण करायचं, हा माझा जुना रोग. अंगणवाडीची नोकरी, वर बचत गटाची अध्यक्ष, म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं. त्या वर्षी परभणीला एक दिवसाचं शिबिर झालं. विषय होता लैंगिक अत्याचार, आणि ज्या बाईवर तो झाला तिला आधार कसा द्यायचा. परतीच्या एसटीत मी निम्म्या गाडीला ते शिबिर ऐकवलं.

आमच्या गावातही अशी एक बाई होती. तिशीची, शेळ्या पाळणारी, नवरा ट्रकवर. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या गावातल्या एका बागायतदारानं तिच्यावर बलात्कार केला, आणि तिनं स्वतः ठाण्यात जाऊन फिर्याद दिली. गावात मात्र तो शब्द कोणी उच्चारत नसे. 'तिचं ते तसलं' म्हणत. गटाच्या बैठकीत मी ठणकावून सांगितलं, शब्द उच्चारा, लाज त्या माणसाची आहे, हिची नाही. तिच्यासोबत बसा, हे शिबिरातलं वाक्यही सांगितलं. एकमतानं ठरलं, रविवारी सगळ्यांनी तिच्या घरी जायचं.

दुःख झालेल्या घरी जायची आमच्याकडे एकच रीत. पिठलं-भाकरी फडक्यात बांधायची, डोक्यावर पदर घ्यायचा, गुपचूप बसायचं आणि निघताना 'येते' म्हणायचं नाही. आम्ही अकराजणी तशाच निघालो. सगळ्यांत पुढे शिबिर करून आलेली मी.

ओसरीवर तिची सासू तूर निवडत होती. पदर घेतलेल्या बायांची रांग पाहून तिच्या हातातलं सूपच पडलं. "माझं लेकरू गेलं गं," म्हणून म्हातारीनं हंबरडा फोडला. लेकरू नांदेडच्या धाब्यावर जेवत होतं, हे फोन लावल्यावर कळलं. तोवर आमच्यातल्या दोघीतिघी सवयीनं रडायलाही लागल्या होत्या.

ती शेळ्यांना पाला टाकून आली. आमच्याकडं पाहिलं, फडक्यांकडं पाहिलं.

"कोण मेलंय? मी मेले म्हणून आलाव का?"

मग तीच हसायला लागली. पोट धरून हसली, मग सासू हसली, मग आम्ही. मला तोंड लपवायला जागा नव्हती, तरी हसू आवरेना. भाकऱ्या आणल्याच होत्या तर अंगणात पंगत बसली, आणि तिनं ठेचा वाढला.

जेवता जेवता मी 'धीर धर' म्हणून सुरू केलं. तिनं मध्येच थांबवलं.

"बाई, धीर लय हाय माझ्याकडं. मंगळवारी गंगाखेडच्या कोर्टात साक्ष हाय. दर तारखेला त्याची माणसं दोन जीपा भरून येत्यात, दारात बसून निस्ती बघत राहत्यात. मी एकटी. या बारीला मी जाणार न्हाई. केस सुटली तर सुटू द्या."

मी रोज ज्या थांब्यावरून अंगणवाडीत जाते, तिथूनच ती तारखेला एकटी गाडीत बसत होती. 'कुठं निघालीस' विचारल्यावर 'बाजाराला' म्हणायची, आणि मी पुढं निघून जायची. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

"तुला काय पाहिजे?" मी विचारलं. हे आधी विचारायचं सुचलंच नव्हतं.

"बाया," ती म्हणाली. "निस्त्या बसायला. पण असं तोंड पाडून न्हाई."

मंगळवारी सकाळच्या एसटीत आम्ही सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून. अर्धी तिकिटं फाडताना कंडक्टरनं विचारलं, "कोणाचं लग्न हाय, मावशी?" आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या बाईनं आधी तिच्याकडं पाहिलं. तिनं मान डोलावली.

"लग्न न्हाई. बलात्काराच्या केसची साक्ष हाय. आमी सोबत हाव."

कोर्टाजवळ थांबा नसताना कंडक्टरनं गाडी थांबवली.

त्याची माणसं यायच्या आधीच दारातले बाक आम्ही भरून टाकले. शेंगा फोडल्या, मोठमोठ्यानं गप्पा मारल्या. दोन जीपा आल्या, माणसं उतरली आणि बसायला जागा नाही म्हणून उन्हात जाऊन उभी राहिली. अशी साक्ष बंद दाराआड होते. नाव पुकारल्यावर ती एकटीच आत गेली. शिपाई येऊन आम्हाला दोनदा दटावून गेला. तिसऱ्यांदा आला नाही.

दोन तासांनी ती बाहेर आली तेव्हा घसा पार बसला होता.

"सगळं सांगितलं," ती म्हणाली. "तुमचा कालवा आत आयकू यायलता. साहेब म्हणले, बाहेरचा गोंधळ बंद करायला लावू का? मी म्हणलं, राहू द्या साहेब, मी मोठ्यानं बोलते. माझी माणसं हायेत."