धवला कंपनीच्या मालकीचा

दिघीच्या कोळीवाड्यात लग्न ठरलं की पत्रिका छापायला टाकण्याआधी वेणूबाईकडे निरोप जातो. वेणूबाई धवलारीण. भटजींची मंगलाष्टकं नंतर. त्याच्या आधी हळदीला नवरीसमोर बसून धवला गायचा तो वेणूबाईनं. धवल्यात देवांना बोलावणं असतं, दर्याला असतं आणि शेवटी त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन असतं. या, मांडवाखाली बसा, तुमच्या लेकीला हळद लावा. ती नावं चुकून चालत नाहीत. म्हणून वेणूबाई आदल्या दिवशी लग्नघरी जाते, चहा पिता पिता मेलेल्यांची नावं विचारते, आणि पाठ करूनच उठते. सासूनं शिकवलेली ही विद्या तिनं चाळीस वर्षं सांभाळली. बाकी दिवसभर ती बोंबील वाळत घालणारी, जाडजूड चष्म्याची, तोंडाची फटकळ बाई.

तिच्याकडे दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका मोठ्या मनोरंजन कंपनीची माणसं आली. त्यांचा पुढारी श्रेयस नावाचा गोड बोलणारा तरुण. गाणी, सिनेमे, मालिका सगळं त्यांचंच. आता त्यांना देशातलं छोट्या छोट्या समाजांचं संगीत जपायचं होतं. ‘विविधता’ हा शब्द तो दर वाक्याला घ्यायचा.

“आजी, तुमच्यानंतर हे कोण गाणार? आम्ही जपून ठेवू,” तो म्हणाला.

हे वेणूबाईला पटलं. नात प्राचीखेरीज शिकायला कोणी बसत नव्हतं, आणि प्राचीही मुरुडच्या पतपेढीतल्या नोकरीतून वेळ काढून यायची.

चित्रीकरणाच्या दिवशी त्यांनी आधी वाळणीवरचे बोंबील उतरवले. वास येत होता म्हणे. त्या जागी रबराचे लाल-निळे मासे टांगले. वेणूबाईचं धुतलेलं लुगडं बाजूला ठेवून तिला जरीचं चमकणारं काहीतरी नेसवलं, आणि डोक्यावर रिकामी टोपली दिली.

“टोपली डोक्यावर घेऊन धवला गातात व्हय? बसून गातात,” ती म्हणाली.

“फ्रेममध्ये छान दिसतं, आजी.”

तिनं ते सोसलं. अडचण पुढेच आली. समोर ना नवरी, ना लग्नघर. मग बोलवायचं कोणाला?

“कुणाचीही नावं घ्या ना,” श्रेयस म्हणाला.

वेणूबाईला ते पटेना. मेलेल्या माणसांना कोणी फुकट हाक मारतं? पण दिवे लागले होते, वीस माणसं खोळंबली होती. शेवटी तिनं डोळे मिटले आणि स्वतःच्याच माणसाला बोलावलं. चंदर, तिचा नवरा, नऊ वर्षांपूर्वी जाळं विणता विणता बसल्या जागी गेला होता. एरवी नवऱ्याचं नाव ती तोंडातून काढत नसे. त्या दिवशी तिनं ते तीनदा घेतलं, आणि तिसऱ्यांदा तिचा आवाज फाटला.

“हेच पाहिजे होतं!” श्रेयस टाळी वाजवून म्हणाला. मग एका काचेच्या पाटीवर त्यानं तिच्याकडून बोटानं सही गिरवून घेतली. “फक्त परवानगीसाठी हां, आजी.”

पाच महिन्यांनी प्राचीनं फोन तिच्यासमोर धरला. कंपनीच्या नव्या मालिकेत एक बार होता. धूर, निळे दिवे, कमरेला टिकल्यांच्या पट्ट्या बांधून नाचणाऱ्या पोरी, आणि त्यांच्यावर नोटा उडवणारा एक गुंड. खाली धाड धाड ठोके, आणि त्या ठोक्यांवर तुकडे करून पुन्हा पुन्हा लावलेला वेणूबाईचा फाटलेला आवाज. चंदर ये, चंदर ये, ये ये ये.

 वेणूबाई उठली, मोरीपाशी गेली, चूळ भरली, थुंकली, परत भरली.

“कोनाला नाचवलंय त्यांनी?” ती म्हणाली. “माज्या मानसाला?”

प्राचीनं श्रेयसला फोन लावला. तो खूष होता. गाणं खूप चाललं होतं, कोळी आवाज पहिल्यांदा देशभर पोचला होता, यापेक्षा मोठा मान कोणता, असं त्याचं म्हणणं. वेणूबाईनं फोन कानाला लावलाच नाही.

पुढच्या वैशाखात प्राचीचंच लग्न झालं. हळदीला वेणूबाई जुन्या लुगड्यात नातीसमोर बसली आणि धवला गायली. या वेळी चंदरला बोलवायला खरं कारण होतं, आजोबाच तो. गाताना तिला त्या बारची आठवण आली. तरी तिनं नाव घेतलंच. मांडवातल्या बाया रडल्या. प्राचीनं तो व्हिडिओ दुबईतल्या मावशीला बघता यावा म्हणून इंटरनेटवर टाकला.

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन. “आवाज कुठंय गो?”

चित्र होतं. वेणूबाईचे ओठ हलत होते, प्राची डोळे पुसत होती, पण आवाज नव्हता. खाली सूचना होती. प्राचीनं ती वाचून दाखवली. व्हिडिओतला आवाज अमुक कंपनीच्या मालकीचा असल्यामुळे बंद करण्यात आला आहे.

“म्हंजे?”

“म्हंजे आजी, तुझा धवला त्यांचा हाय म्हणे.”

वेणूबाई हसली. तसलं हसू प्राचीनं तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. सडका मासा उलटा करून बघावा आणि तो आतून आणखीच सडका निघावा, तसं तिचं तोंड झालं होतं.

प्राचीनं परत फोन लावला, तेव्हा श्रेयस म्हणाला, “ते यंत्र आपोआप करतं, आजी. माणूस नसतो त्यात.” प्राचीनं कंपनीकडे अर्ज केला. अर्जाला उत्तरही यंत्रानंच दिलं.

आणि त्यावर कडी म्हणजे, पावसाळा संपल्यावर कंपनीचं आमंत्रण आलं. अलिबागजवळच्या एका रिसॉर्टवर ‘किनाऱ्याचे सूर’ नावाचा सोहळा, सांस्कृतिक विविधतेसाठी वेणूबाईंचा सत्कार. प्राची म्हणाली, जाऊ नको. वेणूबाई म्हणाली, “जाते. त्यांची तोंडं बघायची हायत मला.” मग प्राचीही तिच्याबरोबर गेली.

हिरवळीवर तिचा टोपलीवाला फोटो दोन माणसांएवढा उंच लावला होता. बहुतेक मराठी न कळणारे पाहुणे काडीला टोचलेली कोळंबी खात होते. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि ते धाड धाड ठोके सुरू करून निवेदिकेनं तिच्यापुढे माईक धरला. “आजी, दोन ओळी!”

वेणूबाईनं माईक घेतला. “न्हाय गाऊ शकत,” ती म्हणाली. “तो धवला तुमचा हाय. माज्या नातीच्या हळदीत गायले तर तुमी माजं तोंड बंद केलंत. मग हितं कशी गाऊ? दुसऱ्याची वस्तू हाय ती. आनि तुमी नाचवलात तो माजा मेलेला नवरा होता. जेवताय ना? जेवा.”

ठोके वाजतच होते. निवेदिका क्षणभर गडबडली, मग इंग्रजीत हसून काहीतरी बोलली. सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

“काय सांगितलं गो तिनं?” वेणूबाईनं विचारलं.

प्राचीचा चेहरा लाल झाला होता. “म्हणाली, आजी इतक्या भारावून गेल्यात की त्यांना शब्द सुचत नाहीत.”

वेणूबाईनं शाल खुर्चीवर टाकली आणि ती तडक फाटकाकडे चालू लागली. श्रेयस मागे धावला. त्याला मालिकेच्या दुसऱ्या पर्वातल्या गाण्याचं बोलायचं होतं. ती थांबली, त्याला पायातल्या पांढऱ्या बुटांपासून केसांपर्यंत नीट पाहिलं, आणि वळली. रस्त्याला लागेपर्यंत ती दोनदा थुंकली.

ती धवला अजून गाते. माघात आगरदांड्याला एका हळदीत नवरीच्या भावानं फोन वर केला, तशी ती ओळ अर्ध्यावर सोडून गप्प बसली. पोरगा ओशाळून म्हणाला, “आठवण म्हणून घेतोय, काकी.”

“ठेव तो खाली,” ती म्हणाली. सगळा मांडव तिच्याकडे बघत होता. नवरीच्या आजोबांचं नाव घ्यायचं बाकी होतं, आणि त्यानं फोन खिशात घालेपर्यंत तिनं ते घेतलं नाही.