चकचकीत पत्रा नापास

मंडळी, आज दुपारी मी भाचीचा एक पत्रा बिघडवला आणि तरीही ताईने मला जेवायला वाढलं.

भाची ऋचा इथेच जबलपूरला एम.टेक. करते. उद्या तिला सरांना नमुना दाखवायचा आहे आणि पत्रे उरले होते दोनच. तिला मदत करणारी मैत्रीण सुटीवर, म्हणून प्रयोगशाळेत मदतीला मी.

निकेलच्या द्रावणात ॲल्युमिनियमची पूड ढवळत ठेवायची. त्यात पत्रा बुडवून वीज सोडली की त्याच्यावर निकेल चढतं आणि पूड त्यात अडकते. पुढे भट्टीत तापवलं की दोन्ही मिळून मिश्रधातू. ढवळणीच्या वेगाचं बटण माझ्याकडे होतं.

पूड तळाशी बसेल या धास्तीने मी वेग वाढवला. पत्रा आरशासारखा निघाला. मी खूश.

"मामा, काहून वाढवलं? जोराच्या धारेत पूड टिकलीच नाही. हे नुसतं निकेल आहे."

"पण चमकून तर राहिला आहे."

"सराफ्यात विकायचा आहे का?"

दुसऱ्या वेळी ती "बस, इतकंच" म्हणाली तिथेच मी बटण सोडलं. पत्रा राखाडी, खरखरीत निघाला. मला वाटलं, हाही गेला. ऋचाने तो भिंगाखाली धरला. पूड सगळीकडे सारखी बसली होती.

"चलो मामा, पास."

घरी ताईने तो पत्रा उलटापालटा करून पाहिला आणि घासणी उचलली. "अच्छा, हा घासायचा राहिला वाटतं."

आम्ही दोघं एकदमच उठलो.

तुमच्या घरी आहे का अशी एखादी कळकट वस्तू, जिला तुम्ही कुणाला हात लावू देत नाही?