मागणं शिळं करणाऱ्या मावशी

खानावळीच्या मावशींना काही हवंय, असं मी कधी ऐकलंच नाही. हवं असणं म्हणजे त्यांच्या लेखी अंगात भरलेली कणकण, दोन-चार दिवसांत आपोआप उतरणारी. आमच्यापैकी कुणी ताटावर बसून नव्या बुटांचं किंवा इअरफोनचं नाव काढलं की आमटी वाढता वाढता त्या म्हणायच्या, "आज नगं घेऊ. मागणं जरा शिळं होऊ दे. परवा बी तेवढीच भूक लागली, तर घे." बहुतेक वेळा भूक मरायची. मग वाचलेल्या पैशांचा आनंद मानायचा की मावशींवर चिडायचं, हे आम्हाला ठरवता यायचं नाही.

मी पवना धरणाकडच्या गावातली, लोणावळ्याला बी.कॉम. करायला आलेली. तिथल्या वलवण भागात मावशींच्या घरामागच्या खोलीत आम्ही तिघी राहायचो आणि जेवायचो त्यांच्याच खानावळीत. शिष्यवृत्ती पहिल्यांदा खात्यात जमा झाली तेव्हा मी मोबाईल नाचवत त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. मावशींनी कौतुक वगैरे काही केलं नाही. "आधी जे चुकत न्हाई ते बाजूला काढ," म्हणाल्या. "खोली, जेवण, परीक्षेची फी. मग अडीअडचणीला थोडं. ऱ्हाईल ते तुझं." जे राहिलं ते बघून मला रडूच आलं.

मोबाईलवरून पैसे देण्यावर त्यांचा खास राग होता. "बोट लावलं की गेलं. जाताना दिसत न्हाई, म्हणून दुखत बी न्हाई." त्यामुळे सोमवारी आठवड्याची रोकड काढायची आणि ती संपली की रविवारपर्यंत गप्प बसायचं, असा आम्हाला दंडक. खोलीतल्या शीतलने तो मोडून हप्त्यावर भारी फोन घेतला. पडून त्याची काच तडकली तरी हप्ते चालूच. मावशी तिला विचारायच्या, "फोन म्हातारा झाला आन् हप्ता अजून तरणाच व्हय गं?" पण हप्त्यापायी तिचे जेवणाचे पैसे थकले, तेव्हा तिचं ताट त्यांनी कधी अडवलं नाही. शेवटच्या वर्षाची फी मी घरी हात न पसरता भरली, ती मावशींच्या या जाचामुळेच.

त्याच वर्षी मावशींची आमटी वाटीच्या बाहेर पडायला लागली. बाजूने येणारं माणूस त्यांना दिसेना, उंबऱ्याला ठेच लागायला लागली. आम्ही आधी हसलो. मग मी तळेगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागले. "दुखत तर न्हाई," त्या म्हणायच्या. "ह्या म्हयन्यात सिलिंडर हाय. फुडल्या म्हयन्यात बगू." पुढच्या महिन्यात किराणा असायचा, त्याच्या पुढच्यात घरपट्टी. डोळे रांगेत सगळ्यात शेवटी उभे होते. जे चुकत नाही ते आधी बाजूला काढणाऱ्या या बाईने स्वतःचे डोळे मात्र हौसेच्या खात्यात टाकले होते.

अखेर दिवाळीनंतर मी त्यांना जवळजवळ ओढत नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली रोजच्या थेंबांवर टिकवायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. परतताना लोकलमध्ये मावशी खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर तोंड करूनच म्हणाल्या, "हौस थांबती. डोळं थांबत न्हाईत, हे मला कुटं ठावं?" मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

खानावळ बंद झाली. मावशी कामशेतच्या पलीकडे भावाकडे राहायला गेल्या. मला पुण्यात नोकरी लागली. पगार झाला की मी आधी जे चुकत नाही ते बाजूला काढते, आणि आता त्यात मावशींच्या औषधाची बाटलीही असते. दर महिन्याला ती मी स्वतः नेऊन देते.

गेल्या खेपेला नवी बाटली ठेवायला म्हणून कोनाड्यात हात घातला, तर आधी आणलेल्या बाटल्या तिथे सील न फोडता उभ्या होत्या. मी विचारलं तेव्हा मावशींच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी समाधान दिसलं. "डाक्टर म्हनतो रोज घाला. मी एकाआड एक दिस घालते. चुकून दोन थेंब पडलं, तर दोन दिस खाडा." मी सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. उघडलेलं औषध महिनाभरच चालतं, हेही सांगितलं. पैसे माझे आहेत म्हटलं, तर म्हणाल्या, "तुजा पैसा काय पैसा न्हाई?"

मग उशाची बाटली चाचपून काढून त्यांनी ती उंच धरली. मी जिथे उभी आहे असं त्यांना वाटत होतं, त्या बाजूला.

"बग," त्या म्हणाल्या, "अजून निम्मी हाय."