माझ्याच वेलाला कोहळी

"हिनंच केलं," मी म्हटलं, आणि समाजमंदिरासमोर जमलेल्या सगळ्या गावादेखत शेवंताकडे बोट केलं.

शेवंता म्हणजे माझ्या कुंपणापलीकडे राहणारी विधवा. तिनं करणी केली नव्हती. मला ते ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं — हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

त्या वर्षी मोहफुलं वेचायला मी झाडाखालचा पाला पेटवला. सगळेच पेटवतात, भुई साफ झाली की फुलं दिसतात. पण आधी भोवतालचा पट्टा झाडून घ्यायचा असतो. मी कंटाळा केला. आग आमच्या परसातल्या वाड्यांमागच्या रानात शिरली. ढोलीची जुनी झाडं दोन दिवस आतून धुमसत होती. गाव म्हणालं, कोणाची तरी बिडी. मीही म्हटलं, बिडीच.

पावसाळ्यात सगळ्यांच्या वेलांना फुलं आली, पण कोहळी धरेनात. बोराएवढी व्हायची, पिवळी पडून गळायची. माझा भाऊ दुसऱ्या गावात, न जळलेल्या जंगलाला लागून राहतो. बी एकच, पण त्याच्या वाडीत कोहळी लोळत होती. तिथं सकाळी फुलाफुलात रानमाशा — बारक्या, काळ्या, ढोलीत नाहीतर भुईत घर करणाऱ्या. आमची फुलं रिकामी. माझ्या आगीत त्यांची घरं जळाली, हे कळायला काय राहिलं?

सांगायला हवं होतं. मी काय केलं? रोज सकाळी नर फूल तोडून मादी फुलाला घासू लागले. गुपचूप. कोहळी धरली — गावात एकट्या माझ्याच वेलाला.

"काऊन वो बाई, तुयाच वेलाले कोहळे कसे?" बाया विहिरीवर विचारायच्या. हसायच्या, पण माझ्या घरचं पाणी पिणं त्यांनी सोडलं होतं. मी एकेकीचा डोळा ओळखत होते. करणीचा आळ कोणावर तरी येणारच होता — माझ्यावर का येऊ द्यायचा?

शेवंतानं एकदा कुंपणावरून मला फुलं घासताना पाहिलं होतं. बोलली काहीच नाही. त्याचीच मला जास्त धास्ती. समाजमंदिरासमोरच्या बैठकीत विधवा म्हणून आधी संशय तिच्यावरच आला, सगळे तिच्यावर ओरडू लागले, तेव्हा ती माझ्याकडे वळली. "बाई, त्या फुलायले तुमी काय करून राह्यल्या होत्या, तुमीच सांगा ना यायले." भांडून नाही — मदत मागावी तसं.

तेव्हा मी बोट केलं. अडाणी होते म्हणून? चौथी शिकले होते मी. आणि त्या दिवशी सगळ्या गावात खरं काय ते मला एकटीलाच कळत होतं. तिच्या स्वतःच्या वेलाला एक कोहळं नव्हतं — ते कोणी विचारलं नाही. मीही नाही.

आता मी म्हातारी झाले. मागच्या वर्षी कॉलेजातली एक पोरगी रानमाशा मोजायला आली. म्हणाली, "आजी, भोवती रान असलं का माशा जास्त असतात. इथी एवढ्या कमी काऊन?" हिला कोणी पाठवलं, हेच माझ्या मनात आलं. "मले का माहीत," म्हटलं.

मी बोट केलं त्याच दिवशी शेवंताला गावाबाहेर काढलं होतं. भांडी रस्त्यावर फेकली. लेकीचा हात धरून, अंगावरच्या लुगड्यानिशी ती गेली. जिवतीकडच्या गावात दुसऱ्यांच्या शेतात राबून तिनं लेक वाढवली. भोगलं ते शेवंतानं. ती अजून जिवंत आहे.