कापसाच्या घरातली प्रॅक्टिकल

एकोणीस वर्षं वॉर्डात काढल्यावर मी प्रॅक्टिकलच्या पूर्वपरीक्षेत पन्नासपैकी तेवीस मार्क मिळवून नापास झाले, आणि तेही एका बॅगेमुळे.

डिप्लोमा झालेल्या नर्सेससाठी डिग्रीचा एक कोर्स असतो. बारावीनंतर येणाऱ्या मुलींना ती डिग्री चार वर्षांत मिळते. आम्हाला बरंचसं येतं असं धरून आमचं दोन वर्षांत उरकतात. यवतमाळला मी त्या कोर्सला बसले तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. वर्गात आम्ही बावीस जणी, सगळ्या नोकरीतून रजा घेऊन आलेल्या. त्यातल्या नऊ जणींना चाळिशीचा चष्मा. तो घरी विसरला की फळा स्वच्छ दिसायचा, वही दिसायची नाही. आमच्या कम्युनिटी हेल्थ विषयाच्या मॅडम सत्तावीस वर्षांच्या होत्या. शिकत असताना त्यांनी पहिलं सलाईन माझ्याच वॉर्डात, माझ्यासमोर लावलं होतं. तेव्हा त्यांना शीर सापडत नव्हती आणि मी त्यांना रागावले होते. आता त्या मला मार्क देत होत्या. मी त्यांना मॅडम म्हणायची, त्या मला सिस्टर म्हणायच्या. दोघींनाही ते जड जायचं.

गावात घरभेटीला जाणाऱ्या नर्सजवळ एक बॅग असते. ती कशी वापरायची याची पद्धत ठरलेली आहे. घरात गेल्यावर स्वच्छ, सपाट जागा शोधायची, तिथं वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर बॅग ठेवायची. बाहेरच्या कप्प्यातून साबण आणि टॉवेल काढून हात धुवायचे, अप्रन घालायचा, मगच बॅगेचा आतला भाग उघडायचा. काम झालं की हेच सगळं उलट्या क्रमानं. एकूण वीस पायऱ्या आणि पंचवीस मार्क, कारण त्यातल्या पाच पायऱ्यांना दोन-दोन मार्क आहेत. उरलेले पंचवीस मार्क कुटुंबाच्या तपासणीला आणि तोंडी प्रश्नांना.

पूर्वपरीक्षेत मी घरात शिरले तर समोर एक गृहस्थ धापा टाकत बसलेले. मी बॅग खाटेवर ठेवली, त्यांच्याजवळ बसले आणि मनगट हातात घेतलं. बॅगेचे मार्क पंचवीसपैकी सहा.

"सिस्टर, नाडी बरोबर घेतली तुम्ही," मॅडम म्हणाल्या, "पण ती तेरावी पायरी आहे."

"मॅडम, माणसाला धाप लागली होती."

"माहीत आहे मला. पण यादीत धाप नाही."

पूर्वपरीक्षेतलं नापास होणं कागदावर मोजत नाहीत. विद्यापीठाच्या परीक्षेतलं मोजतात. माझी रजा दोन वर्षांची होती, त्यापुढे एक दिवसही नाही. प्रॅक्टिकल गेली असती तर वॉर्डात हजर होऊन पुन्हा परीक्षेला बसायची परवानगी मागावी लागली असती. अशी परवानगी मिळालेली एकही बाई माझ्या ओळखीची नव्हती. म्हणजे पास व्हायला पन्नासपैकी पंचवीस हवेत, आणि तेही एकाच खेपेत.

मग मी घरी सराव सुरू केला. नवरा एसटीत कंडक्टर. सुट्टीच्या दिवशी तो पेशंट. अकरावीतली मुलगी यादी घेऊन परीक्षक. सासूबाई घरमालकीण.

"काय त्रास होतो तुम्हाला?" मी विचारायची.

"मले भूक लागून राह्यली," नवरा म्हणायचा.

"बाबा, नीट पेशंट व्हा ना! आणि आई, तू अप्रनच घातला नाहीस. गेला एक मार्क."

सासूबाई नेमक्या मी हात धुतल्यावरच चहा घेऊन यायच्या.

"आता नाही घेता येत, आई. हात धुतलेत मी. आता कपाला हात लावला की पुन्हा धुवावे लागतात."

"काहून? माह्या घरचे कप खराब हायेत?"

एकतीस वेळा सराव केला. पहिल्या दिवशी पंचवीसपैकी नऊ पडले, शेवटच्या दिवशी तेवीस. मुलगी मार्क द्यायला मॅडमपेक्षा कडक होती. तेविसावर मी समाधान मानलं.

परीक्षा आर्णीच्या पुढच्या एका गावात होती. होळीला आठवडा उरला होता, पण रात्री अजून गारवा असायचा. कुटुंबं चिठ्ठ्या टाकून वाटली. प्रत्येक कुटुंबाचं एक फोल्डर होतं, आधीच्या मुलींनी भरलेलं. माझ्या फोल्डरमध्ये लिहिलं होतं: माणसं सात, त्रास खाज, निदान खरूज, घरातल्या सगळ्यांना दोनदा औषध दिलं, फरक नाही. खाली आमच्या मॅडमची सही. मी मनातल्या मनात खरजेचं औषध कसं लावायचं याची उजळणी केली आणि बॅग उचलली. मागून मॅडम, आणि दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या बाहेरच्या परीक्षक. पंचावन्नच्या आसपास वय, कडक इस्त्रीची साडी.

दारात एक आजी उभ्या होत्या. "ये शिस्टरबाई. पायाखाली पाहून ये, कापूस हाय."

पाहायला पायाखाली जागाच नव्हती. पुढची खोली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कापसानं भरलेली, माझ्या छातीइतकी उंच. आत जायला दीड हाताची वाट. त्या गावात त्या वर्षी बहुतेक घरं अशीच होती. आदल्या वर्षी कापूस न विकता थांबलेल्यांना चांगला भाव मिळाला होता, म्हणून या वर्षी सगळेच थांबले होते, आणि भाव काही चढत नव्हता. खाटा कापसाला टेकून लावलेल्या. वर्तमानपत्र पसरायला वीतभर जागा नाही.

आजींनी ढिगावर हात थोपटला. "ठेव ना याच्यावर. यापेक्षा पांढरं काय हाय घरात?"

त्यांच्या हातावर कोपरापर्यंत लाल पुरळ होतं. मला तो हात धरून पाहायचा होता. पण हात धुणं ही पाचवी पायरी होती आणि मी अजून दुसरीवर, जागा शोधण्यावर, अडकले होते. हात लावता येत नव्हता, म्हणून मी विचारायला लागले.

"आजी, खाज किती जणांना आहे?"

"पाच जनाइले. थोरल्याले नाही."

"थोरला कुठं झोपतो?"

"तो वावरात, खोपडीत. डुकरं येतात ना तुरीत, कापणी झाली तरी त्याची सवय नाही गेली."

"तो शेतातल्या झोपडीत, आणि त्याची बायको?"

"ते इथंच. ते तर रातभर खाजवते."

हे पाच आणि थोरला मिळून सहा झाले. सातवी नात, दिग्रसला होस्टेलवर. शनिवारी येते, सोमवारी अंग खाजवत परत जाते, बुधवारपर्यंत बरी होते. आणि हे सगळं केव्हापासून? कापूस घरात आला तेव्हापासून. खरूज असती तर बायकोकडून नवऱ्याला लागली असती, आणि होस्टेलवर जाऊन आपोआप बरी झाली नसती. हिशोब जुळत नव्हता.

"आजी, एक पाट द्या. अंगणात बसू."

"भायेर? लोक काय म्हनतील, शिस्टरबाईले घरात नाही घेतलं?"

"व्हिजिट घरात करायची असते," परीक्षक म्हणाल्या. त्यांच्या मागून आमच्या मॅडम डोळ्यांनी मला आत जा, आत जा म्हणत होत्या. दुसऱ्या पायरीला दोन मार्क असतात, हे मला त्यांच्याइतकंच माहीत होतं.

"मॅडम, आत स्वच्छ जागा नाही. मला वाटतं खाज कापसातल्या किड्यांमुळे आहे."

वाटेच्या टोकाला आजोबा बसले होते. ते ताडकन उठले. "हळू बोल बाई! व्यापारी गावातच हाय आज. ऐकलं तं कापूस नाही घेनार कोनी."

मी आवाज खाली आणला. अंगणात पाट मांडला, वर्तमानपत्र पसरलं, बॅग ठेवली, आजींनी वरून पाणी ओतलं तसे हात धुतले, अप्रन घातला. मग आजी, आजोबा, थोरली सून आणि धाकटा मुलगा अशा चौघांना ओळीनं तपासलं. बोटांच्या बेचक्या साफ, मनगटं साफ. खरूज तिथंच आधी दिसते. पुरळ होतं ते मानेवर, हातांवर, कमरेला, म्हणजे कापसाला लागणाऱ्या उघड्या अंगावर. धाकटी सून चुलीपाशी होती, तिलाही बोलावून पाहिलं. तेच.

उन्हामुळे परीक्षक दाराच्या आत सावलीला सरकल्या होत्या आणि लिहायला कापसाच्या ढिगाला टेकून बसल्या होत्या. मी त्यांना सांगितलं की फोल्डरमधलं निदान मला पटत नाही.

"सही कोणाची आहे?"

"माझी," आमच्या मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण मला जे दिसलं त्याच्या जागी दुसरं लिहिणं माझ्याच्यानं झालं नसतं.

"तुमचं म्हणणं कशावरून? कारण सांगा," परीक्षक म्हणाल्या आणि मानेवर पेनचं टोक फिरवलं. मग कोपर खाजवलं. मी झोपायच्या जागा मोजून सांगत होते, तोवर त्यांनी पेन ठेवून दोन्ही हात कामाला लावले होते.

आजोबा पुढे वाकले. "मॅडम, तुमाले बी लागली का खरूज?"

आमच्या मॅडमनी तोंडाला पदर लावला. आजींनी तेवढाही लावला नाही.

"खरूज अंगात आली तरी पहिल्यांदा खाज सुटायला काही आठवडे जातात," मी म्हटलं. "मॅडमना बसून दहा मिनिटं झाली."

परीक्षक उठून अंगणात आल्या, साडी झटकली आणि माझ्याच साबणानं हात कोपरापर्यंत धुतले. "मग सल्ला काय देणार? कापूस विका?"

"नाही मॅडम. भावाचं मला काही कळत नाही. खाटा बाहेरच्या पडवीत घ्यायच्या, कापसावर ताडपत्री टाकायची, चादरी धुवायच्या. कापूस हलवताना पूर्ण बाह्या, नंतर आंघोळ. पंधरा दिवसांनी पुन्हा पाहायचं."

"अन् कापूस एकटा आत?" आजोबा म्हणाले. "कोनी नेला म्हंजे? मी नाही येत भायेर. खाज परवडली."

"तुमची तं कातडीच म्हशीची हाय," आजी म्हणाल्या आणि स्वतःची खाट ओढायला लागल्या.

पंधरा दिवसांनी मी परत गेले. परीक्षा संपली होती, जाणं सक्तीचं नव्हतं, पण मी तारीख दिली होती. आमच्या मॅडमही बरोबर आल्या, एसटीनं, आपणहून. शनिवार होता, नातही घरी होती. तिला धरून पाच जण बरे होते. आजोबा आतच झोपत होते आणि खाजवत होते. मॅडमनी फोल्डर उघडून खरूज हा शब्द स्वतःच्या हातानं खोडला, नवीन निदान लिहिलं आणि सही केली. "सिस्टर, अंगणात बसायचं तुम्हाला कसं सुचलं?" त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. आत बॅग ठेवायला जागाच नव्हती.

निकाल आला. प्रॅक्टिकलला पन्नासपैकी चाळीस. तोंडीत आणि तपासणीत पंचवीसपैकी बावीस, बॅगेचे पंचवीसपैकी अठरा. सात कुठं गेले ते मी मॅडमना विचारलं, कारण विचारल्याशिवाय मला चैन पडलं नसतं. वर्तमानपत्राची घडी चुकीच्या बाजूनं घातली, त्यात एक. अप्रन उलटा गुंडाळला नाही, दोन. साबण आधी आत ठेवला, दोन. आणि व्हिजिट घराबाहेर केली म्हणून दुसऱ्या पायरीपुढे शून्य, दोन गेले.

"अर्ज कर," नवरा म्हणाला. "ते दोन तुयेच हायेत. सगळं बरोबर तं निघालं."

"कायले?" मी म्हटलं. "बॅग बाहेर ठेवली होती ना मी."