परावृत्त व्हावे

"तुझ्या आईनंच घातलंय ते दूध. तिचं नाव ग्रुपवर टाक आणि खाली लिही, आजपासून यांचं दूध बंद."

मॅनेजर सर हे सगळ्या ऑफिससमोर म्हणाले.

मी कोल्हापुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. सकाळी कॉलेज, दुपारनंतर एका खासगी डेअरीच्या ऑफिसात काम. नोटिसा लिहायच्या, शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज तयार करायचे. आमच्याकडं लोक डेअरीला दूध 'घालतात', म्हणजे गावच्या केंद्रावर नेऊन देतात. आमच्या एकुलत्या एक म्हशीचं दूध याच डेअरीला जातं.

म्हशीला अँटिबायोटिक दिलं की ते काही दिवस दुधात उतरतं. तेवढं दूध मिसळलं की अख्खा टँकर नापास होऊ शकतो. तशी नोटीस काढायची होती. मी लिहिलं, "अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलेल्या जनावराचं दूध, डॉक्टर सांगेपर्यंत डेअरीला घालू नका."

सरांनी पेन काढलं. "हे काय, चुलीपुढं बोलल्यासारखं? नोटिशीला वजन पाहिजे."

वजन असं आलं: "प्रतिजैविक उपचारित पशूंचे दुग्ध संकलनार्थ सादर करण्यापासून उत्पादकांनी परावृत्त व्हावे."

"सर, पण लोकांना..."

"तुला ऑफिशियल मराठी शिकायचीय ना? मग बघ." त्यांनी ते स्वतःच ग्रुपवर टाकलं.

आणि टँकर नापास झाला. केंद्रावर विचारपूस झाली तेव्हा आईनंच सांगितलं, आमच्या म्हशीला इंजेक्शन दिलंय.

त्यावरूनच सर मला तिचं नाव टाकायला सांगत होते. मी म्हणाले, "मी नाव टाकणार नाही. आई न विचारता दूध घालणार नाही. आधी केंद्रावर फोन लावा. स्पीकरवर."

केंद्र चालवणारे दादूमामा फोनवर आले. "व्हय, वैनी इचारत होत्या, घालू का नगं. मीच नोटीस वाचून दावली. शेवटाला 'व्हावे' हाय की! म्हटलं, घाला."

"अहो, परावृत्त व्हावे लिहिलंय!" सर ओरडले.

"नगं आसलं तर नगं म्हणावं की वो साहेब! ह्यात 'नको' कुठं हाय?"

"शाळेत गेला होतात का कधी?"

"गेलतो की! तितं मास्तर 'गप बसा' म्हणायचं. 'बोलण्यापासून परावृत्त व्हा' न्हाय म्हटलं कधी."

ऑफिस हसलं. मला हसू आलं नाही. माझी आई विचारायला गेली होती. न कळलेलं विचारण्याचं काम तिनं केलं होतं. कळेल असं लिहिण्याचं काम ज्यांचं, तेच तिला गावासमोर उभं करायला निघाले होते.

"ऐकलंत ना सर?" मी म्हणाले. "आता कुणाचं नाव टाकू?"

सर फोन ठेवून म्हणाले, "राहू दे नाव. ती तुझी नोटीस टाक."

माफी कुणी मागितली नाही. म्हैस बरी झाल्यावर, डॉक्टरांनी सांगितल्यावर, आईचं दूध पुन्हा सुरू झालं.

यातून मी एवढंच शिकले, की मनाई लिहायची तर नकार लोकांच्या तोंडातला पाहिजे. तो जड शब्दात लपवला की चूक लिहिणाऱ्याची होते आणि नाव खराब होतं वाचणाऱ्याचं.

त्या दिवशी माझी नोटीस जाण्याआधी सरांनी सुरुवातीला 'सदर' हा शब्द घातलाच.

"सदर म्हणजे आधी सांगितलेलं, सर. आधी आपण काय सांगितलंय?" असं म्हणून मी तो त्यांच्यासमोरच खोडला.