भागिरथाबाई आणि गावची ई-क्लास

१९७० साली मी पिंपळशेंड्याला ग्रामसेवक म्हणून रुजू झालो. भागिरथाबाई इंगोले तेव्हा ग्रामपंचायतीच्या सदस्य होत्या, पण कचेरीत त्या मला कधी दिसल्या नव्हत्या. निवडणुकीत एकही बाई उभी राहिली नव्हती आणि कायद्याला बाई हवी होती, म्हणून सरपंच दौलतरावांनी बौद्धपुऱ्यातल्या या बाईंचं नाव घातलं होतं. रोजमजुरीला जाणारी बाई, ही काय बोलणार, असा त्यांचा हिशेब. बैठक झाली की शिपाई रजिस्टर घेऊन त्यांच्या घरी जायचा आणि अंगठा घेऊन यायचा.

एकदा तो अंगठ्याशिवाय परत आला. बाईंचा निरोप होता, "बैठकीत काय झालं ते मले समजत नाही. आता मीच येत जातो."

पुढच्या बैठकीला त्या आल्या आणि दाराजवळ खाली बसल्या. मी खुर्ची पुढे सरकवली. दौलतराव छताकडे पाहत राहिले.

दोन वर्षं त्या फारसं बोलल्या नाहीत, नुसतं ऐकत राहिल्या. मग बहात्तरचा दुष्काळ आला. गावाची ई-क्लास, म्हणजे चराईची जमीन, नाल्याच्या काठाने चाळीस एकर होती. गवत जळून गेलं, बाभळी तेवढ्या उभ्या राहिल्या. त्यांच्या शेंगांवर अर्ध्या गावाच्या बकऱ्या जगल्या, भागिरथाबाईंच्या दोन बकऱ्याही.

दुष्काळ सरला आणि दौलतरावांनी ठराव आणला, की सगळ्या बाभळी लाकूडवाल्याला विकायच्या आणि कचेरी पक्की बांधायची. सहा हात वर गेले. भागिरथाबाईंचा एकटीचा विरोध मी नोंदवला.

बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "साहेब, साऱ्या गावाले इचारल्याबिगर असं करता येते का?"

मी म्हणालो, "ग्रामसभेत विषय काढता येतो. येत्या महिन्यात आहे."

दुसऱ्या दिवशी त्या पायी जवळच्या अनसिंग गावाला गेल्या. तिथला फय्याज सुतार आसपासच्या गावांचे नांगर-वखर घडवायचा. ग्रामसभेला त्या त्याला घेऊन आल्या. फय्याजने लांबलचक भाषण केलं नाही. "बाभूळ गेली तर तुमचे नांगर कायचे करू?" त्याने शेतकऱ्यांना विचारलं. "सागाचा नांगर कोनाले परवडते, हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. वाळलेली झाडंच तोडायची, असं ठरलं. चौऱ्याहत्तरच्या निवडणुकीत बाई स्वतः उभ्या राहिल्या, निवडून आल्या आणि उपसरपंच झाल्या.

खरी कसोटी पुढे होती. सत्याहत्तरच्या पेरणीआधी बौद्धपुऱ्यातल्या पाच भूमिहीन घरांनी ई-क्लासात नांगर घातले. त्यातला एक नांगर जानरावाचा होता. जानराव म्हणजे बाईंचा सख्खा दीर.

दौलतराव हसून म्हणाले, "आता बोल, भागिरथा."

आम्ही नाल्याकाठी गेलो तेव्हा जानरावाने नांगर थांबवला नाही. "वयनी, बाभळीले जमीन हाय," तो म्हणाला, "आन आमाले काहून नाही?"

बाईंच्या स्वतःच्या घरीही जमिनीचा तुकडा नव्हता. परत येताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "त्याचं खोटं नाही, साहेब."

दोन दिवस आम्ही दोरीने सगळी जमीन मोजली. रस्त्याकडेला दहा एकर मुरमाड, बिनझाडाची जागा निघाली. ती या पाच घरांना द्यावी आणि नाल्याकडच्या भागाला कोणी हात लावू नये, असा अर्ज बाईंनी तहसीलला द्यायला लावला. चौघे तयार झाले. जानरावाचा नांगर मात्र नाल्याच्या काळ्या जमिनीत होता.

"घरचा मानूस असून मले मुरूम देतं?" तो म्हणाला.

"भाऊजी, तुमाले काळी देल्ली तर बाकीच्याईले मी काय सांगू?"

त्याने नांगर काढला, मुरूमही घेतला नाही. जानराव आणि बाईंचे यजमान भिवाजी, या दोघा भावांचं बोलणं बंद झालं. भिवाजी कित्येक दिवस ओसरीवर एकटेच जेवत होते.

पुढच्या वर्षी चौघांच्या नावाने त्या मुरमाड जमिनीचे पट्टे झाले. एकोणऐंशीच्या निवडणुकीत भागिरथाबाई चौदा मतांनी पडल्या. बाईने गावची जमीन वाटली, असं दौलतरावांचे लोक म्हणत. बौद्धपुऱ्यातले काही म्हणत, बाईने आपल्याच माणसाची जमीन काढली. निकालाच्या दिवशी त्या निंदणाला गेल्या होत्या. तिथेच त्यांना हरल्याचं कळलं, आणि त्यांनी हातातली पात, म्हणजे निंदायची ओळ, पुरी करूनच विळा ठेवला.

त्याच हिवाळ्यात जानराव लेकीच्या लग्नाचं सांगायला भिवाजींच्या ओसरीवर आला. बाईंनी चहा ठेवला. जमिनीचा विषय कोणी काढला नाही.

महिनाभराने माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तर बाईंनी विचारलं, "नवा ग्रामसेवक कसा हाय? बाईमानसाले नियम सांगते का?"

"विचारलं तर सांगेल," मी म्हणालो.

"मंग इचारीन," त्या म्हणाल्या.